गृहचौकशीचा कागद

बालगृहात आलेल्या प्रत्येक मुलाची फाईल उघडली जाते आणि तिच्यात गृहचौकशी अहवाल लागतो. कार्यकर्ता मुलाच्या घरी जातो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो आणि लिहितो : ‘वडील व्यसनी. आईचे दुर्लक्ष. मुलगा उनाड, खोटे बोलतो.’ मुलाचं पुढे काय करायचं हे ठरवताना बालकल्याण समितीसमोर हाच कागद असतो. त्यातला ‘उनाड’ हा शब्द शेजारणीचा, हवालदाराचा की कार्यकर्त्याचा, हे मात्र कुठंच कळत नाही.

हेच असंही लिहिता येतं : ‘वडील रोज दारू पितात, असे मुलगा सांगतो. आई सकाळी सहाला धुण्याभांड्याच्या कामाला जाते, रात्री आठला परतते. मुलगा दोन महिने शाळेत गेलेला नाही. वर्गात मारतात, असे म्हणतो. त्याला आईकडेच राहायचे आहे.’ आता समितीच्या हाती काहीतरी लागलं. शाळेला जाब विचारता येईल, आईला मदत मिळवून देता येईल. शिवाय मुलाचं म्हणणं कागदावर आलं.

समाजसेवकांना मानवी हक्क शिकवायचे म्हणजे हा दुसरा अहवाल लिहायला शिकवायचं, असं मला वाटतं.

कायद्यात यातलं बरंच आहे. भारतानं बालहक्क संहिता १९९२ साली स्वीकारली. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३ मध्ये मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचा, त्याच्या खासगीपणाचा आणि त्याला कलंक लागेल असे शब्द न वापरण्याचा दंडक आहे. त्याआधी, २००७ च्या केंद्रीय आदर्श नियमांत, मुलांच्या बाबतीत वापरू नयेत अशा शब्दांची यादीच दिली होती. ‘अटक’, ‘आरोपी’ आणि ‘रिमांड’ हे शब्द तिच्यात होते. आपल्याकडे आजही सगळे सर्रास ‘रिमांड होम’ म्हणतात. तिथं काम करणारेसुद्धा.

कलमं पडद्यावर दाखवून, दुपारचं जेवण आणि प्रमाणपत्र देऊन ही सवय जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १९ डिसेंबर २०११ रोजी मानवी हक्क शिक्षण व प्रशिक्षणाचा जाहीरनामा मंजूर केला. हक्कांची माहिती देणं हा त्यातला फक्त एक भाग. शिकवणाऱ्याचे आणि शिकणाऱ्याचे हक्क जपतच शिकवावं आणि शिकून माणसाला स्वतःचे व दुसऱ्याचे हक्क बजावता यावेत, हेही त्यात तितकंच ठामपणे म्हटलं आहे. म्हणून प्रशिक्षणात एक गोष्ट जरूर करावी. प्रत्येकानं शेजारी बसलेल्याच्या घराचा गृहचौकशी अहवाल लिहायचा आणि तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. आपल्या आईबद्दल ‘दुर्लक्ष करते’ हे परक्याच्या तोंडून ऐकलं, की पुढच्या वेळी पेन आपोआप थांबतं.

आणखी एक. समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था १९३६ साली मुंबईत निघाली; आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. पण पदवी घेतलेले समाजसेवक मुलाला आठवड्यातून कधीतरी भेटतात. रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाजवळ असते ती गृहमाता, नाहीतर काळजीवाहक. त्या मुलाला चारचौघांत बोल लावायचा की गुपचूप चादर बदलायची, हे तिच्यावर असतं. प्रशिक्षणाचं निमंत्रण मात्र अधीक्षकांच्या नावानं येतं. तिला बोलवा. आणि तिचं मानधन वेळेवर द्या. जिचा स्वतःचा हक्क महिनोन् महिने थकलेला आहे, तिला दुसऱ्याच्या हक्कांवर व्याख्यान ऐकवणं अन्यायाचं आहे.

वाचकांनाही एक विनंती. वाढदिवसाला बालगृहात जरूर जा, पंगत घाला, मुलांशी खेळा. फोन मात्र खिशातच राहू द्या. केक कापतानाचा मुलांचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी अधिनियमाचं कलम ७४ आठवा. अशा मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.