बदकाचं अंडं मऊ का पडतं? उपाय आपल्याच दारात आहे



आपल्या बऱ्याच घरांच्या परसात चार-सहा बदकं असतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की त्या अंड्यांचा घरखर्चाला आधार होतो. म्हणून अंडं रबरासारखं मऊ निघालं की काळजी वाटते. त्याबद्दल थोडक्यात सांगतो.

अंड्याचं कवच म्हणजे जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट. शिंपलाही त्याचाच. कोंबडीच्या एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं, बदकाचं अंडं मोठं, त्याला जास्त लागतं. कवच चढायला २० तासांच्या आसपास जातात. बदक बहुतेक पहाटे अंडं देतं, म्हणजे बरंचसं काम रात्रीच होतं. नुसती कणी आणि कोंडा दिला तर त्यात कॅल्शियम नावालाच. मग बदक स्वतःच्या हाडातलं कॅल्शियम काढतं आणि तेही कमी पडलं की अंडं मऊ येतं.

नव्याने अंड्यावर आलेल्या बदकाचं एखादं अंडं मऊ निघालं तर घाबरू नका. कुत्रं मागे लागलं, कडक ऊन पडलं, तरी असं होतं. वरचेवर व्हायला लागलं तर एवढं करा:

१. शिंपले, कालवांची कवचं गोड्या पाण्यात चांगली धुवा, वाळवा, ज्वारीच्या दाण्याएवढी कुटा. संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा, म्हणजे रात्रभर पोटात हळूहळू विरघळतात. खाद्यात मिसळू नका. लहान पिल्लांना आणि नराला जास्त कॅल्शियम बाधतं, मूत्रपिंड खराब होतात.

२. प्यायला गोडं पाणीच द्या. बोअरचं खारं पाणी कवच पातळ करतं.

३. खारवलेली मासळी घालू नका. जास्त मीठ बदकाला विष आहे.

४. दिवसा उन्हात मोकळं सोडा. ऊन लागलं की अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही.

५. मऊ अंडं लगेच उचला, नाहीतर बदकांना अंडी फोडून खायची सवय लागते. ते विकू नका, कवच नसलं की जंतू आत जातात.

बदक जोर काढत बसून राहिलं आणि अंडं येत नसेल, तर ते अडकलेलं असू शकतं. पोट दाबू नका, डॉक्टरला दाखवा.

आता महत्त्वाचं. अनेक पक्ष्यांची अंडी एकदम मऊ पडली, अंडी घटली, सोबत मरतूक सुरू झाली, तर शिंपल्यावर थांबू नका. बर्ड फ्लूमध्येही असं होतं. फेब्रुवारी २००६ मध्ये तो आपल्या शेजारी नवापूरला आणि तेव्हा सुरत जिल्ह्यात असलेल्या उच्छलला निघाला होता. बदक वरून धडधाकट दिसत असलं तरी रोग पसरवू शकतं. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, खाडीत टाकू नका, बाकीचे विकू नका. पशुपालन खात्याला किंवा १९६२ वर लगेच कळवा.

एका घराने लपवलं तर सगळ्या वस्तीची बदकं जातील. त्यामुळे शेजाऱ्यालाही सांगा.

— सचिव