अनुदानाची भाषा : ‘शेतकऱ्याचा असूड’ ते प्रकल्प-प्रस्ताव

कृषिसंशोधनासाठी मिळणाऱ्या शासकीय अनुदानाचा विचार सामान्यतः अर्थशास्त्र आणि प्रशासन यांच्या कक्षेत होतो. परंतु अनुदान हा लेखनव्यवहारही आहे. कोणीतरी मागणी लिहितो, कोणीतरी ती तपासतो आणि निष्पत्तीचा अहवाल पुन्हा लिहिला जातो. या लेखनाचे संकेत पाहिल्यास ज्ञानाचा कर्ता कोणाला मानले गेले, हे स्पष्ट होऊ लागते.

मराठीत या मागणीचा एक महत्त्वाचा आरंभबिंदू म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३). शेतकऱ्यांकडून लोकल फंड वसूल होतो, पण त्यांच्या मुलांना त्याचा लाभ होत नाही, हा त्यातील एक मुख्य आक्षेप आहे. उपाय सुचविताना फुले ताली-बंधारे, जनावरांची सुधारलेली पैदास, शेतकीची प्रदर्शने व बक्षिसे यांचा आग्रह धरतात. शेतकऱ्यांच्या मुलांना सरकारी खर्चाने विलायतेतील शेतकीच्या शाळा पाहावयास पाठवावे, असेही ते सुचवितात. शासकीय खर्चाचा हेतू शेतकऱ्यालाच ज्ञानाचा कर्ता बनविणे, हा असावा असे यातून सूचित होते.

दशकभरानंतर याच विषयावर इंग्रजीत एक वेगळ्या जातीचे लेखन झाले. रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांचा भारतीय शेतीच्या सुधारणेवरील अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय शेतकरी अडाणी आहे हा समज त्यांनी नाकारला. उणीव आहे ती पाणी, खत इत्यादी साधनांची, असे त्यांचे निरीक्षण होते. निष्कर्षांच्या पातळीवर काही ठिकाणी ते फुल्यांच्या जवळ येतात. परंतु असूडाचा निवेदक शेतकऱ्याच्या बाजूने सरकारला खडसावतो, तर अहवालाचा निवेदक सरकारने नेमलेला तज्ज्ञ आहे. पुढे अनुदानाच्या भाषेत हा दुसरा निवेदकच स्थिर झाला.

संस्थात्मक रचनेनेही हीच दिशा घेतली. १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे केंद्रीय संशोधनसंस्था स्थापन झाली. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात संशोधन परिषदेची आणि तिच्यासाठी ५० लाख रुपयांच्या निधीची शिफारस केली. १९२९ मध्ये परिषद अस्तित्वात आली. तीच आजची भारतीय कृषी अनुसंधान परिषद. १९४० च्या कृषी उत्पादन उपकर कायद्यान्वये निर्यात होणाऱ्या काही शेतमालावर उपकर बसविण्यात आला आणि त्यातून संशोधनयोजनांना अनुदाने मिळू लागली. हा कायदा २००६ मध्ये रद्द झाला. येथे फुल्यांच्या लोकल फंडाची आठवण होणे स्वाभाविक आहे : पैसा शेतमालावरील उपकरातून येत होता, पण अर्ज करणारा बहुतेक वेळा संस्थेतील वैज्ञानिक होता.

२००६ ते २०१४ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्पाने स्पर्धात्मक अनुदानाची पद्धत विस्तारली. अनेक संस्थांनी समूह करून प्रस्ताव द्यावा, त्यात उद्दिष्टे, कार्यपद्धती, अंदाजपत्रक आणि अपेक्षित फलनिष्पत्ती मांडावी, अशी ही रचना होती. आधी उद्दिष्ट आणि मग प्रयोग, हा या लेखनाचा गाभा आहे.

शेतातील शोध मात्र अनेकदा उलट क्रमाने लागतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये भाताच्या पिकात वेगळ्या लोंब्या दिसल्या. ते बियाणे निवडून, जपून, वर्षानुवर्षे पेरत त्यांनी जे वाण सिद्ध केले, ते ‘एचएमटी’ या घड्याळाच्या नावाने बाजारात गेले. पुढे १९९८ मध्ये अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित केले आणि श्रेयाचा वाद निर्माण झाला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने खोब्रागडे यांना गौरविले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. हा शोध कोणत्याही प्रस्तावात आधी लिहून ठेवता आला नसता, कारण त्याचा आरंभ अनपेक्षित दिसण्यात होता.

२००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने हे अंतर काही प्रमाणात कमी केले. शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणी आणि जनुक निधीतून पुरस्कार, अशी तरतूद त्यात आहे. तथापि पुरस्कार शोधानंतर मिळतो, अनुदान शोधापूर्वी. पहिला कर्तृत्वाची नोंद घेतो, दुसरे कर्तृत्वावर आगाऊ विश्वास ठेवते. शेतकऱ्याच्या वाट्याला मुख्यतः पहिले येते, ही बाब केवळ प्रशासकीय नाही.

तौलनिक अभ्यासाला येथे वाव आहे तो यामुळेच. निबंध, अहवाल, प्रस्ताव आणि वाण-नोंदणीचा अर्ज हे एकाच आशयाभोवती फिरणारे भिन्न लेखनप्रकार आहेत. त्यांचे निवेदक, संबोधित आणि काळाचा क्रम ताडून पाहिल्यास असूडाने विचारलेला प्रश्न नव्या रूपात पुढे येतो : ज्याच्या श्रमातून निधी उभा राहतो, त्याच्या निरीक्षणाला संशोधनाचा दर्जा कोणत्या भाषेत मिळणार?