सुरतेचे वार्तापत्र : दिवाळीच्या माळा आणि रेडिओतली खरखर

सुरत : चांदनी पडव्याची घारी खाऊन झाली की सुरतेला दिवाळीचे वेध लागतात. भागळपासून उधन्यापर्यंत दुकानांच्या दारात एलईडी माळा लटकू लागतात. इथे त्यांना ‘सिरीज’ म्हणतात. लाभपाचमेला बाजार पुन्हा उघडेपर्यंत त्या गच्च्यांवर लुकलुकत असतात. या रोषणाईचा एक उपद्रव मात्र डोळ्यांना दिसत नाही, फक्त कानांना कळतो.

लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे फार. यंत्रमागावर आणि कापड रंगवण्याच्या कारखान्यांत कामाला म्हणून तापी रेल्वेने आली आणि इथलीच झाली. त्यांच्यातली वडीलधारी मंडळी सांगतात, संध्याकाळी रेडिओचा काटा ९६३ वर नेला की जळगाव आकाशवाणी लागायची. आवाज लांबचा, मधूनच विरणारा, पण गावाकडचा. अशा क्षीण लहरीला शेजारच्या गच्चीवरची एक स्वस्त माळ पुरते झाकून टाकू शकते.

कारण माळेच्या डबीत आहे. बटण दाबले की खेळ बदलतो, ती डबी. तिच्यातला थायरिस्टर प्रवाहाला झडपेसारखा अडवतो आणि सोडतो. आपल्या विजेचा दाब सेकंदाला १०० वेळा शून्यावरून चढतो आणि परत उतरतो. दिवे मंद-प्रखर करायचे तर थायरिस्टर त्या चढणीच्या मध्येच प्रवाह एकदम सुरू करतो. या प्रत्येक धक्क्यातून मूळ ५० हर्ट्झच्या कितीतरी पटींच्या लहरी निघतात आणि मध्यम लहरींच्या पट्ट्यापर्यंत, म्हणजे ५२६ ते १६०६ किलोहर्ट्झपर्यंत, जाऊन पोचतात. माळेची लांबच लांब तार अँटेनाचे काम करते, आणि घरातल्या वायरिंगमधूनही ही खरखर पसरते. डबीत एक लहानसे कॉइल आणि योग्य कपॅसिटर बसवला तर ती बरीच आटोक्यात येते. पण माल स्वस्त करताना आधी हेच भाग गाळले जातात, कारण ते नसले तरी दिवे लागतातच.

यावर मानक नाही असे नाही. रेडिओतल्या व्यत्ययाचा विचार करणारी ‘सिस्प्र’ ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासून काम करते आहे. तिचे ‘सिस्प्र १५’ हे मानक दिव्यांसाठी आहे. भारतीय मानक ब्यूरोनेही ते आयएस ६८७३ च्या पाचव्या भागात स्वीकारले आहे. युरोपात व्यत्ययाची मर्यादा पाळल्याशिवाय दिव्यांची माळ कायदेशीरपणे विकता येत नाही. आपल्याकडे २०१७ च्या आदेशाने एलईडी माळांना सक्तीची नोंदणी लागू झाली. खोक्यावर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक दिसतो तो त्याचाच. पण ती नोंदणी आयएस १०३२२ नुसार, सुरक्षिततेपुरती आहे. माळेने शॉक बसू नये, आग लागू नये, एवढे ती पाहते. ते पाहायलाच हवे. मात्र माळ हवेत किती गोंगाट सोडते, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. मला ही उणीव गंभीर वाटते.

प्रश्न केवळ गाण्यांचा नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने जहाजांसाठी सावधानतेची सूचना काढली होती : एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ रेडिओ आणि जहाजांची ओळख सांगणारी यंत्रणा यांत अडथळा येतो. हजिरा आणि मगदल्ला ही बंदरे ज्या शहराच्या अंगाला आहेत, तिथे ही सूचना वाचली जायला हवी. २०१५ च्या डिसेंबरात ब्रिटनच्या ‘ऑफकॉम’नेही नाताळच्या माळा वायफायला अडथळा आणू शकतात, असे लोकांना सांगितले होते.

घरी पारख करणे अवघड नाही. बॅटरीवरचा रेडिओ मध्यम लहरींवर, कोणतेही केंद्र नसलेल्या जागी लावावा. माळ बंद असताना सूं ऐकून घ्यावी, मग माळ लावून सगळे खेळ एकेक करून बदलावेत. खरखर खेळाबरोबर बदलत गेली तर दोष माळेचाच. दुकानात घेण्यापूर्वी माळ लावून दाखवतातच. तेव्हा खिशात छोटा रेडिओ असला की पुरे. आणि ब्यूरोकडे मागणी एकच : माळांच्या सक्तीच्या नोंदणीत आयएस ६८७३ चा पाचवा भागही घ्यावा.