रसायनशास्त्राची जुनी व नवी पाठ्यपुस्तके : एक तुलना

नागपूरलगतच्या वाडीसारख्या भागातील विद्यार्थ्यास नवी आवृत्ती परवडत नसल्यास जुन्या पुस्तकावरच भिस्त ठेवावी लागते. त्यात प्रमाण तापमान व दाबास आदर्श वायूचे मोलर आकारमान 22.4 लिटर आढळते. नव्या आवृत्तीत ते 22.7 लिटर असू शकते. हा मुद्रणदोष नव्हे. आययूपॅक या आंतरराष्ट्रीय संघाने 1982 मध्ये प्रमाण दाब 1 अ‍ॅटमॉस्फिअरऐवजी 1 बार ठरविला. (सर्वच लेखकांनी तो स्वीकारलेला नाही, ही आणखी एक अडचण.) तेव्हा प्रश्नपत्रिकेत दाब न देता यांपैकी एका उत्तराचे गुण कापणे अन्यायकारक होय. मोलची व्याख्याही 20 मे 2019 पासून कार्बन-12 वर अवलंबून नाही, ती 6.02214076 × 10²³ या निश्चित संख्येवर आधारलेली आहे. मात्र त्यामुळे पदवी वर्गातील गणितांची उत्तरे बदलत नाहीत.