शिखराचा डबा

भिक्षूच्या हातातले पात्र बोडके असते. सोन्यारुप्याचे, रत्नजडित पात्र त्याला ‘विनय’ या भिक्षूंच्या नियमसंहितेने वर्ज्य आहे. पण म्यानमारमधली माणसे सणासुदीला विहारात अन्न नेतात ते भांडे बघून डोळे दिपतात. खाली बैठक, त्यावर वाडग्याचे पोट, मग चढत जाणारे झाकण आणि टोकाला पॅगोड्याचे शिखर. सगळे सोन्याच्या वर्खाने मढवलेले, रंगीत काचा जडवलेले. काही भांडी माणसाच्या कमरेपर्यंत येतात. याला तिथे ‘सून-ओक’ म्हणतात. ‘सून’ म्हणजे भिक्षूला द्यायचे अन्न, ‘ओक’ म्हणजे झाकणाचे भांडे; आपल्या घरातल्या सुनेचा इथे काही संबंध नाही. साधेपणाचा नियम भिक्षूला आहे, देणाऱ्याला नाही, आणि ही सगळी कारागिरी त्या सवलतीवरच फुलली असे मला वाटते.

धातूचे वाटणारे हे भांडे असते बांबूचे. कामट्या तासून, वळून सांगाडा करायचा आणि त्यावर थित्सीचे हात द्यायचे. लाखकाम म्हटले की आपल्याला सावंतवाडीची खेळणी आठवतात, पण ती लाख किड्याची. थित्सी हा झाडाचा चीक आहे, आणि ते झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातले. साहजिकच कच्ची थित्सी अंगाला लागली तर बिब्ब्यासारखी उतते. ती वाळण्याची तऱ्हाही उलटी. ऊन तिला चालत नाही, ओलसर हवा लागते. म्हणून प्रत्येक हात दिल्यावर भांडे तळघरात जाते, बाहेर येते, घासले जाते, पुन्हा तळघरात. यात महिने जातात.

खरी गंमत नक्षीत आहे. थित्सीत हाडांची किंवा शेणाची राख घालून कणकेसारखा गोळा मळतात, हा ‘थायो’. त्याच्या शेवया वळायच्या, ओल्या असतानाच भांड्यावर चिकटवून वेली आणि पाकळ्या उठवायच्या, त्यांच्या कोंदणात काचेचे तुकडे बसवायचे. मग वर्ख. शिखराच्या टोकावर पुष्कळदा एक पक्षी असतो, ‘हिंथा’. हा आपला हंसच, पालीतून तिकडे गेलेला. म्यानमारमधल्याच बगान गावची लाखेची भांडी जास्त प्रसिद्ध आहेत, तिथे 1924 पासून लाखकामाची शाळाही आहे. पण बगानचे काम मुख्यतः कोरीव. काचेचा हा झगमगाट मंडालेच्या दरबारी शैलीचा.

तो दरबार 1885 मध्ये इंग्रजांनी मोडला. शेवटचा राजा थिबा पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणला गेला आणि 1916 मध्ये तिथेच वारला. राजा गेला, राजाश्रय गेला, तरी सून-ओक घडत राहिले, कारण त्यांचे गिऱ्हाईक केवळ राजवाडा नव्हता. पुण्य जोडू पाहणारा व्यापारी होता, गावकरी होते. भांडे विहाराला दान करायचे आणि त्यावर स्वतःचे नाव घालायचे, हा रिवाजही होताच. देवळाच्या फरशीवर नाव कोरणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना हे समजावून सांगायला नको.

आता जुने नग लंडनच्या ब्रिटिश म्युझियमपासून पुराणवस्तूंच्या दुकानांपर्यंत पोचले आहेत आणि बहुतेक ठिकाणी झाकण लावूनच मांडलेले असतात. कधी असे भांडे समोर आले तर झाकण उचलून दाखवायला सांगा. आत ताट असते, साधे, गुळगुळीत, बहुधा लाल रंगाचे. काच नाही, वर्ख नाही. तिथे भात ठेवायचा असतो.