तंबाखूने मन खरेच शांत होते काय?

‘तंबाखू सुटली की जीव घाबरा होतो, चिमूट घेतली की बरे वाटते,’ असे रुग्ण आम्हांस नेहमी सांगतात. हा अनुभव खोटा नाही. त्याचे कारण मात्र निराळे आहे, हे प्रयोगशाळेतील उंदरांवरून कळते.

अधिक चिन्हाच्या आकाराच्या एका उंच मार्गिकेवर उंदीर सोडतात. तिच्या दोन भुजांना भिंती असतात, दोन उघड्या असतात. भ्यालेला उंदीर भिंतींचा आडोसा सोडत नाही. निकोटिनची एखादीच मात्रा दिल्यास तिच्या प्रमाणानुसार भीती कधी घटते, कधी वाढते. परंतु कातडीखाली बसविलेल्या लहानशा पंपातून ते अनेक दिवस सतत दिले, तर मेंदूतील त्याचे ग्राहक काहीसे बधिर होतात व त्यांची संख्या वाढते. मग पुरवठा एकाएकी थांबविला, की पुष्कळ प्रयोगांत उंदीर उघड्या भुजा टाळू लागतो. त्याला ना कर्जाची चिंता, ना संसाराची!

माणसांत ही अस्वस्थता पहिल्या आठवड्यात तीव्र असते आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरते. २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, न सोडलेल्यांच्या तुलनेत, घटलेली आढळली.

म्हणून या दिवसांत चिडचिडणाऱ्या रुग्णाच्या हाती, दयेपोटीही, पुडी ठेवू नये, अशी नातेवाइकांना आमची विनंती आहे. त्रास असह्य झाल्यास डॉक्टरांना सांगावे. त्यावर औषधे आहेत.