दुधी काचेवरचं उलटं चित्र : जुन्या कॅमेऱ्याकडून शिकूया प्रकाश



‘वास्तव प्रतिमा पडद्यावर मिळवता येते.’ हे वाक्य मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहीत आले. पण पडदा नेमकं करतो काय, हे मला माझ्या वर्गातल्या एका मुलाने शिकवलं.

गेल्या डिसेंबरात मुलांना जुन्या लाकडी कॅमेऱ्याची प्रतिकृती दाखवायची ठरवलं. बुटांच्या खोक्याला पुढून भिंग लावलं, मागे जुन्या फोटोफ्रेमची काच. खोकं खिडकीबाहेरच्या आंब्याकडे धरलं. मुलं रांगेने डोकावली. “बाई, काहीच दिसत नाय!” मी भिंग पुढेमागे करून पाहिलं, तरी काही जमेना. तेवढ्यात पाचवीतल्या एकाने गार काचेवर तोंडाने ‘हाऽऽ’ केलं. काच धुरकट झाली आणि क्षणभर त्यावर आंबा उलटा लटकलेला दिसला! वाफ उडाली, आंबा गेला. मग वर्गभर ‘हाऽऽ’ सुरू झालं.

असं का झालं?

आपल्या कौलारू घरात कवडसा येतो. हवेत धूळ असेल तरच त्याचा पट्टा दिसतो. धूळ नसेल तर प्रकाश आपल्या समोरून निघून जातो, डोळ्यात येतच नाही. इथेही तेच. आंब्याच्या एका पानावरून आलेले किरण भिंगातून जाऊन एका बिंदूत एकत्र येतात. तिथे स्वच्छ काच असेल तर ते न अडखळता सरळ पुढे जातात. काच खरखरीत असेल तर प्रत्येक बिंदूतून प्रकाश सगळीकडे विखुरतो, त्यातला थोडा आपल्या डोळ्यात येतो आणि चित्र दिसतं. म्हणजे चित्र तिथे तयार होतच होतं, ते दिसायला खरखरीतपणा हवा होता!

जुन्या कॅमेऱ्यातली काच

जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत नेमकी अशीच काच असे. तिला ‘ग्राउंड ग्लास’ म्हणतात. (मुलं ‘मैदानाची काच?’ असं विचारतील. इथे ग्राउंड म्हणजे घासलेली.) काचेवर कार्बोरंडमची बारीक पूड आणि पाणी टाकून दुसऱ्या काचेने घासत राहिलं की ती दुधी होते. पूड जितकी बारीक, तितके चित्रातले बारकावे स्पष्ट. पण फार बारीक झाली तर प्रकाश कमी विखुरतो, मग मध्यभाग उजळ आणि कोपरे काळोखे दिसतात.

यावर उपाय म्हणून काचेला फ्रेनेल भिंगाचा पातळ पत्रा जोडतात. त्यावर एकात एक गोल खाचा असतात. त्या कोपऱ्यांकडे तिरपा जाणारा प्रकाश डोळ्याकडे वळवतात. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल याने हे भिंग १८२०च्या दशकात दीपगृहांसाठी तयार केलं. रत्नदुर्गाजवळचं दीपगृह पाहिलेल्या आपल्या मुलांना हा धागा लगेच कळतो.

मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नामवंत छायाचित्रकार. दादासाहेब फाळकेही सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय करत होते. त्या काळी स्टुडिओतलं काम साधारण असं चाले :

१. डोक्यावर काळं कापड घ्यायचं, म्हणजे बाहेरचा उजेड काचेवर पडत नाही.
२. भाता (हो, लोहाराच्या भात्यासारखाच घडीचा!) पुढेमागे करून काचेवरचं उलटं चित्र स्पष्ट करायचं.
३. भिंग झाकायचं. दुधी काच बाजूला करून तिच्या जागी प्लेट बसवायची.
४. प्लेटपुढची झडप काढून भिंग उघडायचं, पुन्हा झाकायचं.

म्हणजे फोटो निघतो त्या क्षणी फोटोग्राफरला काचेवर काहीच दिसत नसतं! म्हणूनच ‘हलू नका’ अशी ताकीद. समोरचा माणूस बोटभर पुढे झुकला तरी चेहरा अस्पष्ट येण्याची भीती. आणखी एक : काचेची खरखरीत बाजू भिंगाकडेच हवी आणि प्लेट नेमकी त्याच अंतरावर बसायला हवी. काच उलटी बसवली, तर तिच्या जाडीमुळे फरक पडतो. काचेवर चित्र स्पष्ट, प्लेटवर मात्र धूसर.

वर्गात करून पाहा

*साहित्य :* भिंग, एकात एक सरकणारी दोन पुठ्ठ्याची खोकी, ट्रेसिंग पेपर, चिकटपट्टी, काळं कापड.

*कृती :* आधी खिडकीसमोरच्या भिंतीवर दूरच्या झाडाचं स्पष्ट चित्र पाडा आणि भिंगापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. हे भिंगाचं नाभीय अंतर. बाहेरच्या खोक्याला भिंग बसवा. आतल्या खोक्याच्या भिंगाकडच्या टोकाला कागद ताणून लावा, दुसरं टोक पाहण्यासाठी उघडं ठेवा. कागद भिंगापासून तेवढ्या अंतरावर येईल असं खोकं सरकवा. डोक्यावर कापड घ्या आणि पाहा. ट्रेसिंग पेपर नसेल तर साध्या कागदाला खोबरेल तेल चोळा. भजी ठेवलेला कागद कसा होतो, तसा तो होईल.

*काळजी :* खोकं किंवा भिंग सूर्याकडे कधीच धरू देऊ नका. काम झालं की भिंग उन्हात ठेवू नका.

*मुलांना विचारा :* जवळची वस्तू पाहताना कागद मागे का सरकवावा लागतो? चित्र फक्त वर-खाली उलटं आहे की डावं-उजवंही? कागदाऐवजी स्वच्छ काच लावली तर?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लगेच सांगू नका. काच द्या आणि थांबा. माझा फसलेला प्रयोग त्या दिवशी सगळ्यात जास्त शिकवून गेला. आता मी फळ्यावर ते वाक्य लिहिलं की मुलंच विचारतात, “बाई, पडदा खरखरीत हवा ना?”